अभ्यासाच्या लॅपटॉपवर साइट्स कशा अडवायच्या: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आता लॅपटॉपवरच होतो. लेक्चर यूट्यूबवर, नोट्स टेलिग्रामवर, टेस्ट सिरीज क्लासच्या साइटवर, पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आणि अर्ज ऑनलाइन. घरचे म्हणतात, नेट बंद करून बस. सल्ला मायेचा असतो, पण नेट बंद केलं की निम्मा अभ्यासही बंद पडतो. म्हणून नेट चालू ठेवून त्यातलं नको ते अडवणं, एवढाच मार्ग उरतो.

राज्यसेवेची तयारी करताना पुण्यातल्या अभ्यासिकेत बसून मी यातले बरेच उपाय एकेक करून लावून पाहिले. जे टिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं एमपीएससी-यूपीएससीची असली तरी बारावी, सीईटी, सेट-नेट, सीए, कुणालाही हीच पद्धत चालेल. कॉम्प्युटरची फार माहिती लागत नाही. एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला सगळं जमेल.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. सकाळी सात वाजता अंघोळ करून टेबलावर बसलेल्या तुम्हाला अडवायची गरज नसते. गरज असते ती दुपारी जेवून आल्यावर, राजकोषीय तुटीच्या पानावर अडकून पडलेल्या तुम्हाला. त्यामुळे सगळी व्यवस्था डोकं ताजं असताना लावायची, आणि अशी लावायची की कंटाळलेल्या हाताला ती दोन क्लिकमध्ये काढता येणार नाही. खालची प्रत्येक पायरी याच हिशेबाने आहे.

काय काय लागेल

- स्वतःचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, आणि त्याच्या ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटचा पासवर्ड
- क्रोम, एज, फायरफॉक्स यांपैकी एकच ब्राउझर
- लीचब्लॉक एनजी आणि अनहुक ही दोन एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम (दोन्ही फुकट)
- हवं असल्यास साइट्स अडवणारं एक ॲप: विंडोजसाठी कोल्ड टर्की ब्लॉकर, मॅकसाठी सेल्फकंट्रोल
- एक वही
- तुमचा पासवर्ड सांभाळेल असा विश्वासाचा माणूस
- सलग दोन तास. रविवारची दुपार उत्तम. अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत हे करायला बसू नका, अर्धवट राहतं.

कॉलेजच्या किंवा नेट कॅफेतल्या कॉम्प्युटरवर बसत असाल तर ॲडमिनचे अधिकार मिळणार नाहीत. अशांनी पायरी १, ३ आणि ५ करावी. एक्स्टेन्शन टाकू देत असतील तर ४ सुद्धा.

१. आधी यादी करा, तीही हिस्टरी बघून

बहुतेक जण डोळे मिटून फेसबुक, इन्स्टाग्राम, नेटफ्लिक्स एवढी नावं टाकतात आणि झालं म्हणतात. तुमचा वेळ खरंच तिथे जातो का, हे आधी तपासा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एच एकत्र दाबा. हिस्टरी उघडेल. गेल्या आठवड्यातले अभ्यासाचे तास तेवढे बघा आणि अभ्यासाशी संबंध नसलेली प्रत्येक साइट वहीत लिहून काढा. फायरफॉक्समध्ये हिस्टरीत सगळ्यात जास्त वेळा उघडलेल्या साइट्स वर आणायची सोय आहे, तिचा उपयोग करा.

यादी बघून आश्चर्य वाटेल. अनेकांच्या यादीत वर असतो क्रिकेटचा स्कोअर. मग बातम्यांच्या साइट्स, कोरा, रेडिट, ॲमेझॉन-फ्लिपकार्ट, सेकंडहँड गाड्यांच्या साइट्स, स्थळं बघायच्या साइट्ससुद्धा. ज्याची त्याची यादी वेगळी.

आता तिचे तीन भाग करा.

पहिला भाग: अभ्यासाच्या वेळेत अजिबात नको असलेल्या साइट्स. इन्स्टाग्राम, फेसबुक, ओटीटी, स्कोअर, गेम.

दुसरा भाग: थोड्या वेळापुरत्या हव्या असलेल्या. ईमेल, बातम्या, बँक.

तिसरा भाग सगळ्यात अवघड, आणि त्यावर जरा थांबून विचार करा. अभ्यासासारखं दिसणारं पण अभ्यास नसलेलं असं बरंच काही आपण रोज बघतो. टॉपर्सच्या मुलाखती, ‘माझी स्ट्रॅटेजी’ छापाचे व्हिडिओ, कट-ऑफ किती लागेल याच्या चर्चा, जागा वाढणार की नाही, निकाल कधी, कोणत्या क्लासची टेस्ट सिरीज चांगली. हे बघताना अपराधी वाटत नाही, कारण विषय परीक्षेचाच असतो. संध्याकाळी मात्र वहीत एक ओळही लिहिलेली नसते. चालू घडामोडींच्या नावाखाली बातम्यांच्या साइटवर घालवलेला तासही यातलाच: वाचायला घेतलं पतधोरण, आणि संपवलं एका नटाच्या लग्नावर. छापील पेपर अभ्यासिकेत येत असेल तर तोच वाचा. त्यात बाजूला काही उघडत नाही, आणि शेवटचं पान आलं की तो संपतो.

हा तिसरा भाग प्रामाणिकपणे लिहिलात तर पुढचं सगळं सोपं जातं.

२. अभ्यासासाठी वेगळं युजर अकाउंट उघडा

एकाच अकाउंटवर सिनेमे, गाणी, भावाचे गेम आणि तुमचा अभ्यास नको. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, अकाउंट्सवर जा, मग ‘अदर युजर्स’ आणि ‘ॲड अकाउंट’. तिथे तो ईमेल मागेल. ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ निवडा आणि पुढच्या पानावर ‘ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’. नाव ‘अभ्यास’ असं काहीही ठेवा. विंडोज १० मध्ये ‘अदर युजर्स’ऐवजी ‘फॅमिली अँड अदर युजर्स’ दिसेल.

असं उघडलेलं अकाउंट आपोआप ‘स्टँडर्ड’ प्रकारचं होतं. म्हणजे त्यातून सिस्टिमच्या फाइल्स बदलता येत नाहीत; त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागतो. आपल्याला नेमकं हेच हवं आहे. पासवर्डचं काय करायचं ते पायरी ८ मध्ये सांगते. तोवर तो तुमच्याकडेच असू द्या, कारण मधल्या पायऱ्यांत लागेल.

इथे एक खाचखळगा आहे. नव्या अकाउंटमध्ये ब्राउझर कोरा असतो. जुन्या अकाउंटमध्ये टाकलेली एक्स्टेन्शन्स इथे दिसणार नाहीत. म्हणून आधी अकाउंट उघडा आणि पुढचं सगळं त्यात शिरून करा.

३. सवयीने हात जातो ती जागा साफ करा

तुम्ही ॲड्रेस बारमध्ये एक अक्षर टाइप करता. ‘वाय’ टाकलं की ब्राउझर स्वतःच यूट्यूबचा पूर्ण पत्ता भरतो, आणि करंगळीशेजारचं एंटर दाबलं जातं. पान उघडल्यावर कळतं की आपण आलो होतो वेगळ्याच कामाला. हे इतक्या वेगात होतं की त्यात निर्णय असा नसतोच.

उपाय साधा आहे. ते अक्षर टाका, खाली यादी आली की बाणाच्या कळीने नको त्या ओळीवर जा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. ती सूचना निघून जाते. यादीतल्या प्रत्येक साइटसाठी हे करा. (नव्या अकाउंटमध्ये हिस्टरी कोरी असल्याने हे फारसं लागणार नाही, पण गूगल अकाउंटने साइन-इन करून सिंक चालू केलंत की जुनी हिस्टरी आणि बुकमार्क परत येतात. त्यामुळे सिंक बंद ठेवा.)

मग पुढच्या गोष्टी उरका:

- नवा टॅब उघडल्यावर दिसणारे साइट्सचे गोल शॉर्टकट काढा. एज वापरत असाल तर नव्या टॅबवर बातम्यांची रांग असते. कोपऱ्यातल्या चाकावर क्लिक करून कंटेंट बंद करा.
- विंडोजच्या टास्कबारवर हवामानाच्या चित्रावर माउस गेला की बातम्या उघडतात. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार इथे जाऊन विजेट्स बंद करा.
- क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. कधीतरी चुकून ‘अलाउ’ दाबलेल्या साइट्स तिथे सापडतील. सगळ्या काढा आणि पुढे कुणी परवानगीच मागू नये असा पर्याय निवडा.
- विंडोजचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ अभ्यासाच्या वेळेत आपोआप चालू होईल असं लावा. विंडोज १० मध्ये त्याचं नाव फोकस असिस्ट आहे.

४. लीचब्लॉक लावा

लीचब्लॉक एनजी हे ठरवलेल्या वेळेत साइट्स अडवणारं एक्स्टेन्शन क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींवर चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि त्यात नोंदणी करावी लागत नाही. ब्राउझरच्या अधिकृत एक्स्टेन्शन स्टोअरमधूनच घ्या. गूगलवर शोधून कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका. मिळत्याजुळत्या नावाची एक्स्टेन्शन्स असतात आणि एक्स्टेन्शनला तुमच्या ब्राउझरमधलं बरंच काही वाचता येतं.

टाकून झालं की त्याचे ऑप्शन्स उघडा. ‘ब्लॉक सेट’ नावाचे कप्पे दिसतील. पहिल्या कप्प्यात यादीतला पहिला भाग टाका, एका ओळीवर एक पत्ता. पुढचं ‘एचटीटीपी’ वगैरे लिहायची गरज नाही.

मग वेळा. त्या चोवीस तासांच्या घड्याळाने, मधे टिंब-विसर्ग न देता लिहायच्या असतात. सकाळी आठ ते एक आणि दुपारी तीन ते आठ असा अभ्यास असेल तर ०८००-१३००,१५००-२००० असं लिहा. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डने टाइप करा. देवनागरी आकडे त्याला समजत नाहीत. खाली वार निवडायचे असतात, तेही बघून घ्या.

दुसऱ्या कप्प्यात दुसरा भाग. इथे वेळांऐवजी मर्यादा लावा, उदाहरणार्थ दिवसाला वीस मिनिटं. मर्यादा संपली की साइट बंद.

चोवीस तासांची बंदी लावू नका. नव्याने करणारे हमखास हे करतात. पहिल्या दिवशी उत्साह असतो, चौथ्या दिवशी भारताची मॅच असते, आणि मग एका मॅचसाठी सगळं एक्स्टेन्शनच काढून टाकलं जातं. रात्री आठनंतर सगळं मोकळं ठेवा. संध्याकाळी मिळणार आहे हे माहीत असलं की दुपारी मन शांत राहतं.

अजून चार गोष्टी याच ऑप्शन्समध्ये करा:

- बंदीच्या वेळेत ऑप्शन्स उघडू न देण्याची खूण करा.
- ‘जनरल’ विभागात ऑप्शन्स उघडण्यासाठी पासवर्ड किंवा लांबलचक अक्षरांची ओळ टाइप करायची अट लावता येते. मला ओळ जास्त उपयोगी वाटते. पासवर्ड बोटांना पाठ होतो. ती ओळ दर वेळी वेगळी येते आणि टाइप करता करता माणूस भानावर येतो.
- क्रोम आणि एजमध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन ‘अलाउ इन इनकॉग्निटो’ चालू करा. हे विसरलात तर इनकॉग्निटो विंडोत, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी विंडोत, सगळं उघडं राहतं. एजमध्ये त्याचं नाव ‘इनप्रायव्हेट’ आहे.
- दुसरा ब्राउझर तपासा. क्रोममध्ये कडेकोट बंदोबस्त आणि एज रिकामं, हे फार ठिकाणी दिसतं. नको असलेला ब्राउझर काढता येत नसेल तर त्यातही लीचब्लॉक टाका.

परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली की उलटी पद्धत वापरा: सगळं बंद, आणि मोजकंच उघडं. लीचब्लॉकच्या कप्प्यात पहिल्या ओळीवर फक्त तारांकन टाका, म्हणजे सगळ्या साइट्स बंद होतात. त्याखाली ज्या हव्या त्यांच्यापुढे अधिकचं चिन्ह देऊन लिहा. माझ्या मते उघड्या यादीत एमपीएससी, यूपीएससी, पीआयबी (केंद्र सरकारची प्रसिद्धिपत्रकं), एनसीईआरटी, ई-बालभारती, मराठी विश्वकोश आणि तुमच्या टेस्ट सिरीजची साइट एवढं पुरेसं होतं. ई-बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. एकदाच उतरवून फोल्डरमध्ये ठेवलीत तर त्यासाठी नेटही लागत नाही.

लीचब्लॉकची मर्यादाही समजून घ्या. ते ब्राउझरच्या आत राहतं. त्याच्या चित्रावर उजवं क्लिक करून ते काढून टाकता येतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

५. यूट्यूब: बंद न करता माणसात आणा

यूट्यूब बंद करून चालत नाही आणि उघडं ठेवून परवडत नाही. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, म्हणून ही पायरी घाई न करता करा.

तुम्ही ७३व्या घटनादुरुस्तीचं लेक्चर लावलंय. मुद्दा महत्त्वाचा आहे, ग्रामसभा, अकरावी अनुसूची, एकोणतीस विषय. पण उजव्या बाजूला दहा छोटी चित्रं आहेत, त्यातलं एक कालच्या मॅचचं आणि एक ‘या वर्षी जागा किती?’ असं लाल अक्षरांत. लेक्चर चालू असतानाच डोळा तिकडे जातो. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, आणि तो घटनादुरुस्तीचाच असेल याची खात्री नाही.

पहिलं काम: अभ्यासासाठी वेगळं गूगल अकाउंट उघडा आणि त्यात फक्त शिकवणाऱ्या चॅनेल्सना सबस्क्राइब करा. जुन्या अकाउंटवर तुमच्या आवडीनिवडी यूट्यूबला पाठ झालेल्या असतात.

दुसरं: या अकाउंटची वॉच हिस्टरी बंद करा आणि आधीची पुसून टाका. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने असं केलं आहे की हिस्टरी बंद असेल आणि साठवलेलं फारसं काही नसेल तर होम पेज रिकामं दिसतं. नुसती शोधायची पट्टी आणि बाजूचा मेनू. कुठलंही एक्स्टेन्शन न टाकता मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

तिसरं: अनहुक टाका. त्यात एकेक खूण करून होम फीड, उजवीकडच्या सूचना, शॉर्ट्स, कॉमेंट्स, शेवटी येणारी चित्रं आणि ऑटोप्ले लपवता येतं. सगळ्या खुणा करा. कॉमेंट्स ठेवाव्यात असं वाटेल, कारण कधी कधी तिथे नोट्सची लिंक असते. ती लिंक बहुतेकदा व्हिडिओखालच्या वर्णनातही असते, तिथून घ्या.

चौथं काम थोडं कष्टाचं, पण सर्वांत गुणकारी. रात्री झोपण्यापूर्वी उद्याची लेक्चर्स शोधून एका प्लेलिस्टमध्ये टाका आणि तिचा बुकमार्क करा. मग लीचब्लॉकच्या पहिल्या कप्प्यात दोन ओळी वाढवा: यूट्यूबच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘रिझल्ट्स’, आणि तसंच ‘शॉर्ट्स’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. पहिल्या ओळीने यूट्यूबमधला शोध बंद होतो, दुसरीने शॉर्ट्स. व्हिडिओ चालतात, पण दिवसा नवं काही शोधता येत नाही.

बघताना व्हिडिओवर ‘एफ’ दाबून पूर्ण स्क्रीन करा, आणि शेजारी वही उघडी ठेवा. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. हाताने लिहिलेलंच तिथे उपयोगी पडतं.

६. होस्ट्स फाइल: ब्राउझरच्या खालचा बंदोबस्त

कुठलाही ब्राउझर साइटचा पत्ता शोधायला निघाला की विंडोज आधी एक छोटी फाइल बघतं, तिचं नाव होस्ट्स. त्यात एखाद्या साइटसमोर खोटा पत्ता लिहून ठेवला की कुठलाही ब्राउझर उघडा, ती साइट सापडतच नाही.

हे काम ॲडमिन अकाउंटमधून करा.

स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, त्यावर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. नुसतं नोटपॅड उघडलंत तर शेवटी सेव्ह होणार नाही. फाइल, ओपन, आणि मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत जा. फोल्डर रिकामं दिसेल. घाबरू नका, उजव्या कोपऱ्यात ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ लिहिलेलं असतं ते ‘ऑल फाइल्स’ करा. होस्ट्स दिसेल. आधी तिची एक प्रत डेस्कटॉपवर ठेवा.

फाइलमध्ये सुरुवातीला हॅशची खूण असलेल्या ओळी असतात. त्या कॉम्प्युटर वाचत नाही. त्यांना हात लावू नका. सगळ्यात खाली नव्या ओळीवर ०.०.०.० लिहा, एक जागा सोडा आणि साइटचा पत्ता लिहा. इथेही आकडे-अक्षरं इंग्रजीतच. प्रत्येक साइटसाठी किमान दोन ओळी लागतात: एक नुसत्या नावाची, एक पुढे ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ लावलेली. काही साइट्सना मोबाइलचा ‘एम’ असलेला पत्ताही असतो, तोही टाका. एक ओळ लिहून सगळे उपपत्ते बंद करायची सोय या फाइलमध्ये नाही.

सेव्ह करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा, तिरपी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ हा आदेश इंग्रजीत द्या, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा. साइट तरीही उघडली तर लॅपटॉप रीस्टार्ट करा. मॅक आणि लिनक्समध्ये हीच फाइल ईटीसी फोल्डरमध्ये असते आणि टर्मिनलमधून सुडो वापरून बदलावी लागते.

होस्ट्समध्ये वेळ लावता येत नाही, जे टाकाल ते कायमचं बंद. म्हणून इथे फक्त परीक्षा होईपर्यंत या लॅपटॉपवर अजिबात नको असलेल्या चार-पाच साइट्स टाका. यूट्यूब चुकूनही टाकू नका, कारण बऱ्याच कोर्सच्या साइट्सवरचे व्हिडिओ आतून यूट्यूबवरूनच चालतात, तेही बंद पडतील.

अश्लील साइट्सचा त्रास पुष्कळ मुलांना असतो, आणि त्याबद्दल कुणी मोकळेपणाने विचारत नाही. त्या साइट्स असंख्य असल्यामुळे होस्ट्समध्ये लिहून पुरत नाहीत. त्यासाठी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदला. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तुमचं वायफाय, डीएनएस सर्व्हर असाइनमेंट, मॅन्युअल, आयपीव्ही४. तिथे पहिला पत्ता १.१.१.३ आणि दुसरा १.०.०.३. ही क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे. अशा आणि व्हायरसच्या साइट्स ती परस्पर गाळते. ब्राउझरच्या सिक्युरिटी सेटिंग्जमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ दुसऱ्या कुणाचा निवडलेला असेल तर तो बंद करा, नाहीतर हा बदल निरुपयोगी ठरतो.

७. एवढ्यावरही भागत नसेल तर

कोल्ड टर्की ब्लॉकर विंडोज आणि मॅकवर चालतो. फुकट आवृत्तीत साइट्स अडवता येतात. ॲप्स अडवायची आणि वेळापत्रक लावायची सोय एकदाच पैसे भरून मिळते. एकदा ठरावीक वेळेसाठी कुलूप लावलं की तो सहजासहजी काढता येत नाही. त्यामुळे पहिल्यांदा अर्ध्या तासाचंच कुलूप लावून बघा. आठ तासांचं लावलं आणि यादीत टेस्ट सिरीजची साइट चुकून गेली असेल तर दिवस वाया.

मॅकवाल्यांसाठी सेल्फकंट्रोल आहे, फुकट. वेळ सुरू झाल्यावर मॅक रीस्टार्ट केला किंवा ॲपच डिलीट केलं तरी बंदी उठत नाही.

सगळं एकदम लावायची गरज नाही. बहुतेकांचं काम लीचब्लॉक, अनहुक आणि होस्ट्सवर भागतं.

८. किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या

आता ॲडमिनचा पासवर्ड. तो भावाला, ताईला किंवा मित्राला टाकायला सांगा, तुम्ही बघू नका. पिन असेल तर तोही बदलून घ्या, नाहीतर पासवर्ड बदलून उपयोग नाही. ॲडमिन अकाउंट तुमच्या स्वतःच्या ईमेलला जोडलेलं असेल तर ‘फरगॉट पासवर्ड’ करून तुम्ही तो केव्हाही बदलू शकता, म्हणून ते आधी लोकल अकाउंट, म्हणजे ईमेलशी न जोडलेलं, करून घ्या.

माणूस निवडताना विचार करा. शेजारच्या टेबलावरचा पार्टनर चालत नाही. त्यालाही मॅच बघायचीच असते. गावाकडची ताई चांगली. तिला स्पष्ट सांगून ठेवा: ‘ताई, रात्री आठच्या आधी मी कितीही गयावया केली तरी पासवर्ड सांगू नकोस. फक्त अर्जाची शेवटची तारीख असेल तर सांग, आणि तेही मी जाहिरात दाखवल्यावर.’ पासवर्ड तिने दोन जागी लिहून ठेवावा. तो हरवला तर विंडोज नव्याने टाकायची वेळ येऊ शकते. फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.

९. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप

टेलिग्रामचं डेस्कटॉप ॲप ब्राउझरमध्ये नसतं, त्यामुळे लीचब्लॉकला ते दिसत नाही. होस्ट्स फाइलनेही ते अडत नाही, कारण ते आपल्या सर्व्हरशी थेट जोडलं जातं. ते लॅपटॉपवरून काढूनच टाका. नोट्स लागतात हे मान्य, पण शेकडो पीडीएफ साठवून त्यातल्या किती उघडल्या ते एकदा मोजा. आठवड्यातला एक दिवस ठरवा, मोबाइलवरून हव्या तेवढ्याच फाइल्स निवडा आणि लॅपटॉपवर घ्या. चर्चेच्या ग्रुपमधून बाहेर पडा. जाहिराती आणि निकाल आयोगाच्या साइटवरच अधिकृतपणे येतात.

व्हॉट्सॲप वेबसाठी मोबाइलवरच्या व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस इथे जाऊन लॅपटॉप लॉग-आउट करा.

१०. मोबाइल

लॅपटॉप बंदिस्त झाला की हात मोबाइलकडे जातो. अभ्यासिकेत बहुतेकांचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच असतं, म्हणून तो घरी ठेवता येत नाही. हॉटस्पॉट चालू करून मोबाइल सॅकमध्ये ठेवा आणि सॅक रॅकवर. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंगचा फोकस मोड आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम लावा. आईवडिलांचे फोन वाजतील एवढी सूट ठेवा.

११. अर्ज, ओटीपी आणि अडकलेली पानं

‘सगळं बंद, मोजकं उघडं’ पद्धत वापरत असाल तर एक अडचण नक्की येईल. परीक्षेचा अर्ज भरताना फी भरायच्या पानावर साइट तुम्हाला पेमेंट गेटवेकडे, तिथून बँकेकडे आणि परत आयोगाकडे नेते. यातलं एकही पान यादीत नसेल तर व्यवहार मधेच अडकतो, पैसे कापले जातात आणि पावती येत नाही.

म्हणून ब्राउझरमध्ये ‘अर्ज’ नावाचं दुसरं प्रोफाइल करा. एक्स्टेन्शन्स प्रत्येक प्रोफाइलला वेगळी असतात, त्यामुळे यात लीचब्लॉक नसेल. होस्ट्समधल्या साइट्स मात्र इथेही बंदच राहतील. अर्ज, फी, हॉल तिकीट, बँक एवढंच या प्रोफाइलमधून करा, आणि शक्यतो संध्याकाळी. शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्या दिवशी साइट्स संथ चालतात.

पहिल्या आठवड्यात यादीत रोज काही ना काही बदलावंसं वाटेल. दिवसा बदलू नका. वहीत टिपून ठेवा आणि रात्री आठनंतर एकदाच बदला. आठवडा झाल्यावर पुन्हा कंट्रोल-एच दाबून हिस्टरी बघा. अडवलेल्या साइट्सच्या जागी नव्या आल्या असतील, त्या यादीत घाला. सगळं मनासारखं बसलं की लीचब्लॉकच्या जनरल विभागातून सेटिंग्ज एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल स्वतःला मेल करून ठेवा. लॅपटॉप बदलला किंवा विंडोज नव्याने टाकावं लागलं तर तीच फाइल इम्पोर्ट केली की पायरी ४ पुन्हा करावी लागत नाही.